डोंगल दिसतंय, पण पोर्ट उघडत नाही: वाचकांचे प्रश्न

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याबद्दल आपण लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत यूएसबी मोडेमवरचे, म्हणजे डोंगलवरचे प्रश्न इतके निघाले की या वेळी दुसरं काही घेतच नाहीये. पुढे डेबियन, उबुंटू, आर्च अशी नावं येतील, ती लिनक्सचीच वेगवेगळी रूपं. एक आधीच सांगते, कमांड इथे बोलतो तशा देवनागरीत छापतोय, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाका, कॅपिटल लागत असेल तिथे तसं लिहिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार, माझ्याकडे हुआवेचं जुनं थ्रीजी डोंगल आहे. घरी वायफाय नाही म्हणून ते डेबियन टाकलेल्या लॅपटॉपला लावलं, तर डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं, आत विंडोजची सेटअप फाइल, आणि मोडेम कुठेच नाही. दुकानदार म्हणतो लिनक्सवर हे चालतच नाही, नवीन घ्या. खरं आहे का? – वाचक, देवरुख

उत्तर: नाही, खरं नाही, आणि डोंगल टाकून तर मुळीच देऊ नका. सीडीचं चित्र येतंय याचा अर्थ डोंगल जिवंत आहे, लॅपटॉपचं पोर्टही ठीक आहे, अडलंय ते पुढच्या पायरीवर. ही डोंगलं लावल्या लावल्या स्वतःला मोडेम म्हणवतच नाहीत, सीडी ड्राइव्ह म्हणवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच भरलेला असतो म्हणजे कंपनीला वेगळी सीडी द्यावी लागत नाही. विंडोजवर तो ड्रायव्हर बसला की तोच डोंगलला खूण करतो, आता सीडीचं सोंग सोड आणि मोडेम हो. याला झीरो सीडी म्हणतात. लिनक्सवर ती खूण करायला कोणीतरी लागतं आणि ते काम यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम करतो, जोसुआ डीट्झे यांनी लिहिलेला, आणि कित्येक मॉडेलांना कोणती खूण लागते त्याची यादी त्याच्यासोबतच्या डेटा पॅकेजात असते.

आता बघायचं कसं. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवा आणि हुआवेची ओळ शोधा. त्यात कोलनच्या अलीकडे १२डी१ दिसेल, तो कंपनीचा नंबर, पलीकडचा नंबर त्या उपकरणाचा. बऱ्याच जुन्या हुआवे डोंगलांत तो १४४६ असतो, म्हणजे ते अजून सीडीच्याच रूपात आहे. खूण लागू पडली की हाच नंबर बदलतो, मॉडेल बघून १००१ होतो, १४३६ होतो, १५०६ होतो. नंबर कोणता झाला याने फरक पडत नाही, बदलला की नाही एवढंच बघायचं.

तुमचा बदलत नसेल तर बहुतेक यूएसबी मोडस्विच तुमच्या डेबियनमध्ये बसलेलंच नाही, अगदी कमीत कमी पॅकेज घेऊन इन्स्टॉल केलं की असं होतं. आता नेटच नाही तर नेटचं पॅकेज आणायचं कुठून, हा पेच खरा आहे, पण घरात अँड्रॉइड फोन असेल तर तो केबलने लॅपटॉपला लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते साधं नेटवर्क कार्ड वाटतं आणि दोन मिनिटांत पॅकेज उतरतं. मग डोंगल काढून परत लावा आणि सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मालकाच्या (रूटच्या) अधिकाराने, डीमेसेज बघा (डी एम ई एस जी), त्यात सिस्टमच्या नोंदी दिसतात. शेवटच्या ओळींत "जीएसएम मोडेम वन-पोर्ट कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाय यूएसबी शून्य" अशा अर्थाची ओळ इंग्रजीत आली, खाली एक आणि दोनचीही आली, की समजा जिंकलात, ही डोंगलच्या पोर्टांची नावं आहेत. त्याच्या आधीच्या, डिटेक्टेड म्हणणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला ऑप्शन असा शब्द असतो, तो ड्रायव्हरचं नाव आहे, ऑप्शन नावाच्या बेल्जियन कंपनीच्या कार्डांसाठी तो आधी लिहिला गेला आणि आता ढीगभर कंपन्यांची डोंगलं त्याच्यावरच चालतात.

जुन्या लेखांत तुम्हाला यूएसबीसीरियल मॉड्यूलला कंपनीचा आणि उपकरणाचा नंबर हाताने देऊन चढवा असा सल्ला सापडेल. तो करू नका. ती जेनेरिक सोय तपासणीपुरती आहे, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच तसा इशारा छापतो.

आणि एक गोष्ट जिच्यावर लोकांचे अख्खे रविवार जातात: सिम. जिओचं नेटवर्क पहिल्या दिवसापासून फोरजी आहे, टूजी-थ्रीजी त्यांच्याकडे कधी नव्हतंच, त्यामुळे थ्रीजी डोंगलमध्ये जिओचं सिम घातलं तर लिनक्समध्ये काहीही करा, ते नेटवर्क धरणार नाही. एअरटेलनेही थ्रीजी बंद केलंय, तिथे असं डोंगल टूजीवर उतरतं आणि पान उघडायला जीव जातो. त्यामुळे सेटिंगला हात लावायच्या आधी तुमच्या टॉवरवर कोणाचं थ्रीजी शिल्लक आहे ते विचारून घ्या, आणि डोंगल एखाद्याच कंपनीला लॉक केलेलं नाही ना तेही. सिम जुळलं की मग नेटवर्कच्या खिडकीत मोबाइल ब्रॉडबँड निवडा आणि एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव, द्या, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, उबुंटू वापरतो. मोडेमचं पोर्ट मिनिकॉमने (पोर्टाशी बोलायचा प्रोग्राम) उघडताना परमिशन डिनाइड येत होतं. एका ठिकाणी वाचून सीएचमॉड ६६६ केलं, चाललं, पण डोंगल काढून लावलं की पुन्हा तेच. मग दुसऱ्या एका ठिकाणचं वाचून युजरमॉडने स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घातलं, मशीन रीस्टार्ट केलं, तर आता पोर्ट उघडतं पण सुडोच चालत नाही, म्हणतं तुम्ही सुडोअर्समध्ये नाही. आता काही इन्स्टॉलही करता येईना. – वाचक, लातूर

उत्तर: सर, घाबरू नका, तुमचा डेटा जागेवर आहे आणि हे पंधरा मिनिटांत परत बसतं, पण काय झालं ते नीट सांगते कारण या खड्ड्यात पडलेले तुम्ही एकटे नाही.

स्लॅश डेव्ह फोल्डरमधलं टीटीवाय यूएसबी शून्य ही फाइल रूटच्या मालकीची असते आणि तिचा ग्रुप असतो डायलआउट. एलएस मायनस एल करून बघा, सुरुवातीला सी, मग आरडब्ल्यू आणि एक आडवी रेघ असं दोनदा, मग आणखी तीन आडव्या रेघा. सी म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, पहिलं आरडब्ल्यू मालकाचं, दुसरं ग्रुपचं, आणि शेवटच्या तीन रेघा म्हणजे बाकी कोणालाही परवानगी नाही. सीएचमॉडने तुम्ही त्या रेघांच्या जागी परवानगी लिहिलीत, पण ही फाइल डिस्कवर साठवलेली नसते, डोंगल लावलं की कर्नल ती नव्याने तयार करतो, यूडेव्ह नावाची सर्व्हिस तिला ग्रुप आणि परवानगी लावते, आणि काढलं की ती पुसली जाते, मग तुमचा बदल टिकणार कुठे. शिवाय ६६६ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक प्रोग्रामला मोडेम मोकळा, त्यातून कोणी एसएमएस पाठवले तर बिल तुमच्या सिमवर.

ग्रुपचा रस्ता बरोबरच होता, फक्त एक अक्षर राहिलं. युजरमॉड मायनस ए कॅपिटल जी असं द्यायचं असतं, ए म्हणजे अपेंड, आहेत त्या ग्रुपांत आणखी एक जोड. नुसतं मायनस कॅपिटल जी दिलं की अर्थ होतो, बाकीचे सगळे काढून फक्त हाच ठेव. म्हणून तुमचा सुडो ग्रुप गेला.

परत आणायला मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे सिस्टम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा, काही मशीनवर एस्केप दाबावं लागतं तर काहींवर शिफ्ट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यातली रिकव्हरी मोडची ओळ आणि पुढच्या यादीत रूट. तिथे आधी माउंट मायनस ओ रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू आणि एक स्लॅश, म्हणजे डिस्क लिहिण्याजोगी होते. मग युजरमॉड मायनस ए कॅपिटल जी, पुढे स्वल्पविरामाने जोडून मध्ये जागा न सोडता सुडो, एडीएम, सीडीरॉम, डिप, प्लगडेव्ह, एलपीअ‍ॅडमिन, डायलआउट, आणि शेवटी तुमचं लॉगिन नाव. एलपीअ‍ॅडमिन नाही असं म्हणालं तर तो शब्द गाळून परत द्या. मग रीबूट. आत आल्यावर ग्रुप्स ही कमांड द्या, यादीत सुडो आणि डायलआउट दोन्ही दिसले की झालं. यापुढे कोणाला ग्रुपमध्ये घालायचं असेल तर अ‍ॅडयुजर, लॉगिन नाव, ग्रुपचं नाव अशी उबुंटूची सोपी कमांड वापरा, तिच्यात ए विसरायची भीतीच नाही. आणि ग्रुप बदलला की लॉगआउट करून परत आत यायचं, नुसती नवी टर्मिनल विंडो उघडून भागत नाही.

आर्च वापरणाऱ्यांसाठी जाता जाता, तुमच्याकडे डायलआउटच्या जागी यूयूसीपी ग्रुप असतो, टेलिफोन लाइनवरून युनिक्स मशीन एकमेकांना फाइली पाठवायची त्या काळातलं नाव आहे ते.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगला आहे, जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी (लिनक्सहून वेगळी, युनिक्सच्या घराण्यातली सिस्टम) टाकून शिकतेय. लिनक्ससारखं टीटीवाय यूएसबी इथे नाहीच. टीटीवाय यू शून्य असलेल्या दोन-तीन फाइली दिसल्या, त्यातली एक रूटने सीयू (पोर्टाशी बोलायचा प्रोग्राम) लावून उघडली तर प्रोग्राम नुसता लटकून राहतो, एररही नाही. – वाचक, फोंडा

उत्तर: लटकतंय म्हणजे तू चुकीचं पोर्ट उघडतेयस असं नाही, चुकीच्या दारातून जातेयस. फ्रीबीएसडीत एकाच सीरियल पोर्टला दोन नावं असतात, टीटीवाय यू आणि सीयूए यू, दोन्हींत यू कॅपिटल. टीटीवाय हे बाहेरून येणाऱ्या कॉलसाठी, ते उघडलं की कॅरियरचा, म्हणजे पलीकडचा मोडेम जोडला गेल्याचा, सिग्नल यायची वाट बघत बसतं, जसं कोणी फोन करेल म्हणून. तू कोणाची वाट बघत नाहीयेस, तुला स्वतः मोडेमशी बोलायचंय, त्यासाठी सीयूए. मॅकवरही हाच प्रकार आहे, तिथे नावं सीयू डॉट आणि टीटीवाय डॉट ने सुरू होतात.

ड्रायव्हरचं नाव यू३जी. केएलडीलोड यू३जी करून मॉड्यूल आधी चढव आणि मग डोंगल लाव, कारण ओळखीच्या डोंगलांना सीडीतून मोडेममध्ये आणायचं काम हा ड्रायव्हर स्वतःच करतो. कायमचं हवं असेल तर स्लॅश बूट मधल्या लोडर डॉट कॉन्फमध्ये यू३जी अंडरस्कोर लोड बरोबर, अवतरणात कॅपिटलमध्ये येस. मग सीयूए यू शून्य डॉट शून्य, डॉट एक, डॉट दोन अशा फाइली दिसतील, एकाच डोंगलची ही वेगवेगळी पोर्टं आहेत आणि प्रत्येक पोर्ट एटी कमांडला (मोडेमची भाषा, खाली सांगते) उत्तर देईलच असं नाही, काही कंपनीच्या तपासणीसाठी असतात, म्हणून एकेक करून बघ. परवानगीसाठी इथे ग्रुप डायलर, शेवटी आर, डायलआउट नाही, आणि स्वतःला जोडायला पीडब्ल्यू ग्रुपमॉड डायलर मायनस एम आणि तुझं नाव. सगळं रूट होऊन करायची सवय लावू नकोस. ओपनबीएसडीवर पुढे गेलीस तर तिथे ड्रायव्हर यूएमएसएम, ग्रुप हाच.

सीयू मायनस एल ने पोर्ट उघडलं की एटी टाइप करून एंटर मार. ओके आलं की पलीकडे मोडेम जागा आहे. ही एटी म्हणजे अटेन्शन, हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली भाषा, आणि आजचं डोंगलही तीच बोलतं, मला हे दर वेळी बघून आनंद होतो. पुढे एटी+सीपीआयएन? विचार, रेडी आलं तर सिम ठीक, सिम पिन आलं तर पिन मागतंय. मग एटी+सीएसक्यू, पहिला आकडा सिग्नलचा, ० ते ३१, आणि ९९ म्हणजे काही कळत नाहीये. १४ आला तर समज उणे ८५ डीबीएम, बऱ्यापैकी चालतं. मग एटी+सीआरईजी?, उत्तरातला दुसरा आकडा १ असेल तर आपल्या नेटवर्कवर, ५ असेल तर रोमिंगवर, २ असेल तर अजून शोधतंय, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलंय आणि मग दोष तुझ्या फ्रीबीएसडीत शोधू नकोस. बाहेर पडायला नव्या ओळीवर टिल्ड आणि पूर्णविराम. एसएसएचवरून, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून, काम करत असशील तर टिल्ड दोनदा, नाहीतर सीयूऐवजी एसएसएचच तुटेल.

प्रश्न: ताई, आमची केळीची बाग आहे, विहिरीवर रास्पबेरी पाय (छोटा संगणक) बसवलाय, थ्री-फेज लाइट आली की तो डोंगलमधून मला एसएमएस करतो. पायथनचा प्रोग्राम भाच्याने लिहून दिला. घरी टेबलावर चार दिवस बरोबर चालला. शेतात मात्र लाइट येते, मोटर सुरू होते आणि नेमका तेव्हाच एसएमएस येत नाही. कधी डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी, कधी नो सच फाइल. बघावं तर टीटीवाय यूएसबी शून्य गायब आणि एक, दोन, तीन दिसतात. – वाचक, जळगाव

उत्तर: भाऊ, तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलंत ना, त्यातच निम्मं उत्तर आहे. मोटर सुरू होताना लाइनचा व्होल्टेज दबतो. पायचा अ‍ॅडॉप्टर त्याच लाइनवर असेल तर पायला झटका बसतो, आणि डोंगल तर सिग्नल पाठवताना एकदम जास्त करंट ओढतं, मग ते क्षणभर मेल्यासारखं होऊन परत उठतं. डीमेसेजमध्ये अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड अशी ओळ आणि तिच्या मागेपुढे यूएसबी डिसकनेक्ट अशी ओळ सापडली की हेच झालं. टेबलावर मोटर नव्हती म्हणून चार दिवस सुरळीत.

आता नंबर का बदलला. डोंगल तुटलं तेव्हा भाच्याच्या प्रोग्रामने शून्य नंबरचं पोर्ट उघडून धरलेलं होतं. उपकरण गेलं तरी धरलेला हात सुटला नाही, म्हणून कर्नलने शून्य नंबर मोकळा केला नाही, आणि डोंगल परत उठल्यावर त्याच्या तिन्ही पोर्टांना पुढचे मोकळे नंबर मिळाले, एक, दोन, तीन. प्रोग्राम मात्र शून्यालाच हाका मारतोय.

पहिलं काम विजेचं करा, कारण ते नाही केलं तर बाकीचं सगळं वरवरचं आहे. पायला बॅटरीवरून पुरवठा द्या, लाइनवर ती फक्त चार्ज होईल अशी, आणि डोंगल थेट पायच्या पोर्टात न लावता स्वतःचा पुरवठा असलेल्या यूएसबी हबमधून लावा, हबलाही त्याच बॅटरीवरून वीज. दुसरं, प्रोग्राममध्ये टीटीवाय यूएसबी शून्य हे नाव ठेवूच नका. स्लॅश डेव्ह स्लॅश सीरियल स्लॅश बाय-आयडी फोल्डर उघडून बघा, तिथे तुमच्या डोंगलच्या नावाची लांबलचक फाइल असेल, शेवटी आयएफ शून्य शून्य वगैरे, ती नेहमी बरोबर पोर्टाकडेच बोट दाखवते, नंबर काहीही होवो. तेच नाव प्रोग्राममध्ये टाका. तिसरं भाच्याला सांगा, लिहिताना एरर आली की पोर्ट बंद करायचं, दहा सेकंद थांबायचं, परत उघडायचं, आणि प्रोग्राम सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिस करून त्यात रिस्टार्ट बरोबर ऑलवेज लिहायचं, म्हणजे तो पडला तरी आपोआप उभा राहील आणि तुम्हाला रात्री विहिरीवर जायला लागणार नाही.

बिझीचं कारण वेगळं आहे. मोडेममॅनेजर नावाची सर्व्हिस चालू असेल तर डोंगल उठल्या उठल्या ती त्याच्या पोर्टांत डोकावते, एटी पाठवून बघते हा मोडेमच आहे ना, आणि तेवढा वेळ पोर्ट तिच्या ताब्यात असतं. कोण बसलंय ते फ्यूजर कमांडला सुडो लावून आणि पोर्टाचं नाव देऊन कळतं, ती प्रोसेसचा नंबर सांगते. तुम्हाला या डोंगलवरून नेट नकोच आहे, फक्त एसएमएस हवाय, मग सिस्टमसीटीएल डिसेबल, मायनस मायनस नाऊ, मोडेममॅनेजर (दोन्ही एम कॅपिटल) करून ती बंदच करा. ज्यांना नेटही हवंय त्यांनी ती बंद न करता यूडेव्हच्या नियमात त्या एकाच उपकरणाला आयडी अंडरस्कोर एमएम अंडरस्कोर डिव्हाइस अंडरस्कोर इग्नोर, सगळं कॅपिटल, बरोबर १ असं द्यावं, मग बाकीच्या मोडेमांना धक्का लागत नाही.

महिन्यातून एकदा सिमवरचे आलेले मेसेजही पुसत जा, जाहिरातींचे मेसेज साठून सिमची जागा भरते. एटी+सीपीएमएस? ने किती भरलंय ते दिसतं.

प्रश्न: माझं डोंगल लावलं की नेट लगेच चालू होतं, पण मोडेममॅनेजरच्या यादीत ते येत नाही आणि टीटीवाय यूएसबीसुद्धा तयार होत नाही. ड्रायव्हर कोणता टाकू? – वाचक, ठाणे

उत्तर: कोणताही टाकू नका. तुमचं डोंगल हायलिंक प्रकारचं दिसतंय, म्हणजे तो एक छोटा राउटरच आहे, लिनक्सला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि फोन लावायचं काम आतल्या आत करतो. त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, हुआवेचं असेल तर बहुतेक १९२.१६८.८.१ वर. सिम, एपीएन, आलेले एसएमएस सगळं तिथेच बघायला मिळेल.